खोंडाचा डूख

आमच्या घरात डूख धरल्याचा आरोप कुणावरही होतो. मेहुण्याच्या लग्नाचा विषय निघाला की मी गप्प बसतो, तर बायको म्हणते, "अजून डूख धरून बसलात? एक फेटा कमी पडला, तो नेमका तुमच्या डोक्याचा. मुद्दाम केलं का कुणी?" आईच्या मते तर मिक्सरनंही तिच्यावर डूख धरलाय, सुनांनी लावला की बरोबर चालतो. मी कर्जतला कचेरीत कारकून, त्यामुळं विचारल्याशिवाय अर्थ सांगायची खोड. "राग येतो तसा जातो," असं मी पुतण्यांना ऐटीत सांगायचो. "डूख माणूस जपून ठेवतो, आणि वेळ आली की काढतो." सांगणं माझं होतं. भोगलं दुसऱ्यानं.

थोरल्या भावाचा, दादाचा, एक खिल्लार खोंड आहे. जन्मला तेव्हापासून दादानंच वाढवलेला. गेल्या थंडीत बायकोच्या माहेरची मंडळी वस्तीवर आली होती. त्यांच्यासमोर मिरवावं म्हणून मी त्याचा कासरा हातात घेतला. त्यानं मान खाली घातली, मला उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. मेहुणा मोबाईलवर व्हिडिओ काढतच होता. म्हणाला, "दाजी, परत एकदा पडा ना, नीट नाही आलं."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ बायकोच्या माहेरच्या गावातल्या सगळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा रानात होता. मी लाल जर्किन घालून गोठ्यात गेलो. खोंड आखूड बांधलेला होता. कोपऱ्यात ठिबकच्या काळ्या पाइपाचा तुकडा पडला होता, तो घेतला आणि त्याच्या पाठीवर ओढला. मग मानेवर. मग तोंडावर. तो खुंट्याभोवती गरगर फिरत राहिला, हिसडे देत राहिला. वेसणीनं नाक कापलं आणि रक्ताची धार गव्हाणीत लागली. मी मारतच होतो. हात दुखायला लागला म्हणून थांबलो, दया आली म्हणून नव्हे.

संध्याकाळी दादानं नाक बघितलं. "कुनी मारलं रं ह्याला?"

"दाव्यात अडकला असेल," मी म्हणालो.

त्यानं तेल-हळद लावली. लावताना लेकराशी बोलावं तसा त्याच्याशी बोलत होता.

त्यानंतर मी नुसता अंगणात आलो तरी खोंड फुरफुरायचा, खुरानं माती उकरायचा. आई म्हणाली, "त्यानं डूख धरलाय तुझ्यावर."

"उकिरड्यात पडलो मी," मी म्हणालो, "आणि डूख त्यानं धरायचा?" सगळे हसले. मीही हसलो.

आठेक दिवसांनी भल्या पहाटे दादा वैरण टाकायला उठला. त्याचा स्वेटर दोरीवर ओलाच होता, म्हणून त्यानं खुंटीवरचं माझं जर्किन अंगात घातलं. गोठ्यात अंधार. वास माझा. वहिनीची किंकाळी ऐकून मी धावलो, तेव्हा खोंडानं दावं तोडलेलं होतं आणि दादाला गव्हाणीवर दाबून धरलं होतं. शिंग मांडीत होतं. त्यानं मान झटकली तसा दादा शिंगावरच हलला, मग खाली पडला, आणि खोंड त्याला पायाखाली घेऊ लागला. मी खोऱ्यानं त्याच्या कपाळावर दोन घाव घातले. तो माझ्याकडं वळला आणि थबकला. एकदा खाली पडलेल्या दादाकडं, एकदा माझ्याकडं. मग बाहेर पळाला.

मांडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं. वहिनीनं पदरानं आवळून बांधलं. पिकअपमध्ये नगरपर्यंत मी दादाची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, तरी बोटांमधून रक्त येतच होतं.

"शीर बोटभर अंतरानं वाचली," डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गावातले दोघे भेटायला आले. म्हणाले, "असलं जनावर दारात ठेवू नका. काष्टीच्या बैलबाजाराला लावा." दादा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "लावा. हातानं वाढवलेलं जनावर उलाटतं, म्हंजी माझ्यातच कायतरी खोट हाय."

माझा एकुलता एक साक्षीदार बाजारात चालला होता. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. ते दोघे गेल्यावर मी सगळं सांगितलं. पाइप, नाक, जर्किन.

दादानं भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, "जरा हिकडं सरक." मी सरकलो. सलाईन लावलेल्या हातानं त्यानं अशी थोबाडीत दिली की सुई निघाली आणि नर्स धावत आली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, अख्ख्या वॉर्डासमोर ओठातून रक्त पुसत उभा.

"खोंड इकायचा न्हाई," तो म्हणाला. "माझा पाय भुईला टेकंस्तवर वैरण तू घालायची. मागनं जायचं न्हाई, समोरून जायचं."

आता रोज कचेरीच्या आधी मी समोरून जातो. पहिल्या दिवशी त्यानं गव्हाणीची फळी फोडली, चौथ्या दिवशी माझं मनगट. दादा अंगणातल्या बाजेवरून ओरडतो, "मागं सरू नगं!" मी सरतो. मनगटाचं प्लास्टर निघालं, दादा कुबडी घेऊन चालू लागला, पण मी समोर उभा असताना त्या खोंडानं अजून एक काडी तोंडात घेतलेली नाही. कडबा टाकून मी गोठ्याबाहेर आलो, की मग खातो.