म्हशीच्या शिंगावरची पाटी

मी आयुष्यात बिअरचा थेंबही चाखलेला नाही. पण ती ग्लासात कशी ओढावी, हे मी एकदा एका म्हशीला शिकवायला गेलो होतो.

त्याला कारण माझा थोरला भाऊ. दादा आता नाही. तो इंग्लंडमध्ये एका पबात कामाला होता. दोन हजार सालच्या सुमारास पबाचे मालक टॉमसाहेब त्याच्याबरोबर कोल्हापूर बघायला आले. पबाचं तळघर कुणाच्या हाती द्यायचं हे ते ठरवणार होते, आणि दादाचा सगळा जीव त्या तळघरात!

"एवढं काय आहे तिथं?" मी विचारलं.

"अरे, तिथल्या पिंपातली बिअर जिवंत असते. धक्का लागला की गढूळ होते. निवळेपर्यंत गप बसायचं. मग हातपंपानं सावकाश ओढायची. पंपाच्या दांड्यावर तिच्या नावाची पाटी, गिऱ्हाइकाकडं तोंड करून."

मी भारावलो. (पुस्तकी माणूस भारावला की घरच्यांनी सावध व्हावं.)

संध्याकाळी साहेबांना दूध कट्ट्यावर नेलं. म्हशीची धार थेट गिऱ्हाइकाच्या ग्लासात पडताना पाहून त्यांनी डोक्यावरची टोपीच काढली. "पंप नाही, नळी नाही!" ते पुटपुटले.

मला राहवेना. घरून करून आणलेली पुठ्ठ्याची पाटी मी आमच्या नेहमीच्या गवळीमामांच्या सुंदरीच्या शिंगाला अडकवली. नाव इंग्रजीत, तोंड गिऱ्हाइकाकडं!

सुंदरीनं मान झटकली, डोळे वटारले आणि पान्हा चोरला. थेंब नाही!

"मास्तर, काय केलासा ह्ये?" गवळीमामा ओरडले.

"मामा, इंग्लंडात अशीच पद्धत आहे."

"मग तिकडचीच म्हस आणायची हुती की! हिला वाचाय येत न्हाय, रुसाय येतंय!"

"आता सावकाश ओढा, एका दमात..." मी समजावू लागलो, तोच ओल्या शेपटीचा फटका बसून माझा चष्मा शेणात गेला.

"पावणं, जावा घरला!" गर्दीतून कुणीतरी साहेबांना ओरडलं. "मास्तरांनी दुकान बंद केलंया!"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. (त्या घडीला कट्ट्यावर पांढरं असं तेवढंच होतं.) त्यानं पाटी उतरवली आणि सुंदरीच्या गळ्याखालून हात फिरवत नुसता उभा राहिला. साहेबही शेजारी, देवळात उभं राहावं तसे. हळूहळू अख्खा कट्टा गप्प झाला. कोल्हापुरात असं मी पहिल्यांदाच पाहिलं!

आणि मामांच्या हातातल्या ग्लासात धार वाजली. फेस काठाच्या वर चढला, थरथरला, पण सांडला नाही. साहेबांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग दादाला म्हणाले, "तळघर तुझं."

पुढं मी इंग्लंडला गेलो. दादानं अख्खा पब हौसेनं दाखवला. तळघराच्या दाराशी मात्र मला हातानं अडवलं आणि हळूच म्हणाला, "तू इथंच थांब. पिंपं झोपलीत."