वाक्य वेडं, तक्रार खरी

मुळ्ये सरांच्या क्लासात कॉम्प्युटर अडला की सगळ्यांचे हात थांबायचे. ज्याच्या पडद्यावर तक्रार उमटली असेल त्याने उभं राहून ती मोठ्याने वाचायची, मग मराठीत सांगायची आणि तोवर एकाही बटणाला हात लावायचा नाही, असा सरांचा दंडक होता. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेली कारकून. ऑफिसातले टाइपरायटर जाणार म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं. पूनम सागरमधल्या सरांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी शिकायला जायचे. हॉलमध्ये जुने कॉम्प्युटर मांडलेले आणि आतल्या खोल्यांत सर आणि काकींचा संसार.

पहिल्याच आठवड्यात माझ्या पडद्यावर आलं, की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. मी उभी राहून मराठीत सांगितलं आणि वर्ग हसत सुटला. "म्हणजे नाक नाही म्हणायचं आणि वर शिंक म्हणायचं!" मी म्हटलं. सरही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. मग म्हणाले, "झालं हसून? आता मागे वाकून वायर बघा. वाक्य वेडं आहे, तक्रार खरी आहे." वायर निघालेलीच होती.

वरसाव्याहून येणारा दशरथ तर एकदा पांढराफटक पडला. या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृत्य केलं आहे आणि तो बंद करण्यात येईल, असं त्याच्या पडद्यावर आलं होतं. "सर, मी काय केला न्हाय! हात पन लावला न्हाय!" शेजारच्या जिग्नाबेन म्हणाल्या, "अरे भैया, इधर तो पूरी बिल्डिंग इल्लीगल है, कौन बंद करता है!" सरांनी दशरथच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. बिचाऱ्याला मोजकेच शब्द शिकवलेत. त्याला कुठे दुखतंय ते आपण शोधायचं."

हा सोशिकपणा मला जरा अतीच वाटायचा. पडदा अडला की मशीन बंद करून पुन्हा चालू करावं, ही माझी रीत. "गोगटेबाई, कुणी बोलत असताना त्याचा गळा दाबतात का?" सर विचारायचे.

क्लास जरा रुळला आणि काकींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि शब्दांची अदलाबदल झाली. चहा हवा असला तर त्या छत्री मागायच्या. त्यांना सगळं कळतं, फक्त नेमका शब्द तोंडात येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पण पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाला, अजितला, ते पटेना. "बाबा, आईचं डोकं गेलंय. तुम्ही एकटे किती दिवस करणार? पुण्यात अशा पेशंटसाठी चांगली संस्था आहे, तिथे ठेवू."

"ती बोलतेय तोवर नाही," सर म्हणाले.

त्या दिवशी मी तिथेच होते. काकी सारख्या म्हणत होत्या, "पायात दिवाळी लागलीय. विझवा." अजितने माझ्याकडे पाहिलं, आता तुम्हीच सांगा अशा नजरेने. सर मात्र खाली बसले. "कुठे गं? इथे? की इथे?" असं विचारत त्यांनी पायाला आधार म्हणून बांधलेला पट्टा सोडला. टाचेच्या वरची कातडी सोलवटून लालभडक झाली होती. सरांनी ती हळूच धुतली, मलम लावलं. अजित एकटाच पुण्याला परत गेला.

पुढची काही वर्षं सरांनी क्लास आणि काकी, दोन्ही सांभाळलं. काकींच्या एखाद्या वाक्याचा उलगडा झाला की सरांचा चेहरा खुलायचा. "'मांजर शिवून दे' म्हणजे 'वेणी घालून दे'. अर्धा दिवस गेला शोधण्यात!" ते आम्हाला सांगायचे. मात्र त्या वाक्यांवर आम्ही हसलेलं त्यांना खपत नसे. काकी स्वतः हसल्या तरच हसायचं.

आणि मग एका सकाळी, चहा करता करता, सरच गेले. छातीत कळ आली एवढं सांगायलाही त्यांना वेळ मिळाला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तेराव्याला मी गेले तेव्हा नातेवाईक पुन्हा त्या संस्थेबद्दल बोलत होते. कॉटवर बसलेल्या काकी एकदम म्हणाल्या, "विहीर नेली. विहीर कुणी नेली?" कुणीतरी सुस्कारा सोडला. अजित बोलता बोलता थांबला, उठला आणि आईसमोर जमिनीवर बसला. त्याने पाणी दिलं. त्यांनी पेला बाजूला सारला. त्याने उशी सरळ केली, खिडकी लावली, पायाचा पट्टा सैल करून पाहिला. प्रत्येक वेळी त्या नकारार्थी मान हलवत राहिल्या. मग त्यांनी डावा हात उचलून सरांच्या रिकाम्या कॉटकडे दाखवलं.

"विहीर," त्या अगदी हळू म्हणाल्या.

पुढे अजित त्यांना संस्थेत नाही, स्वतःच्या घरी घेऊन गेला. पण ते नंतर. त्या क्षणी त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडत म्हणाला, "हो आई. नेली."