परीचं वाद्य आणि आबांचं बोट

सतारीला नवी तार चढवायची असली की आबा घरातल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. सगळे म्हणजे मी, आबांच्या पत्नी अक्का आणि त्यांची मांजर. मांजर ऐकायची नाही, म्हणून तिला उचलून स्वयंपाकघरात टाकायचे आणि कडी लावायचे. मग स्वतः मान शक्य तितकी मागे ओढून, डोळे घट्ट मिटून खुंटी पिळायचे. तार कण्हत कण्हत वर चढायची आणि मी समोरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत मनात म्हणायचे, आता तुटते, आता तुटते! एकदा खरंच तुटून ती त्यांच्या भुवईवर बसली होती. डोळा थोडक्यात वाचला होता. "इंजिन बिघडायच्या आधी खोकतं तरी," आबा म्हणायचे, "तार खोकतसुद्धा नाही."

आबा धुळ्याच्या एस.टी. डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. देवपुरात दोन खोल्यांचं घर, दारात कण्हेर, आत भिंतीला टेकवून ठेवलेली, कापडात गुंडाळलेली सतार. तरुणपणी त्यांना गाडीबरोबर शिरपूरला मुक्काम करावा लागे. तिथे एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे बसून बसून ते सतार शिकले. मी जळगावची. नोकरीसाठी धुळ्यात, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी तिशी ओलांडली होती आणि लग्नाचं काही जमत नव्हतं. अशात मी सतार शिकते म्हटल्यावर आई म्हणाली, "आता हेच राहिलं होतं! पोळ्या गोल करायला शीक आधी." तरी मी शिकले. रविवारी सकाळी आणि बुधवारी कचेरी सुटल्यावर, नेमाने.

मी जन्माची भित्री भागूबाई. कुत्र्याला भिते, साहेबाला भिते, पांझरेच्या पुलावरून चालताना कठड्यापासून चार हात लांब चालते. पहिल्याच दिवशी सतार मांडीवर घेतली तर तारेला बोट लावायचं मला धाडस होईना. आबा म्हणाले, "भीती वाटते? मग बस. न भिणाऱ्याला मी शिकवत नाही. तो तारा तोडतो आणि वर हसतो." मला वाटलं, चला, जगात एक तरी माणूस भेटला जो मला धीट हो म्हणत नाही.

पुढे कळलं की आबा माझ्याहून भित्रे होते. आयुष्यभर एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केल्या, पण स्वतः गाडीत बसायची वेळ आली की दाराजवळची जागा धरायचे आणि दांडी सोडायचे नाहीत. का, तर म्हणे, "तू नुसती गाडी बघतेस, मी तिचे ब्रेक बघितलेत." पद्मालयाच्या गणपतीला अक्कांच्या हट्टापायी एरंडोलपर्यंत गेले, ते अख्खा रस्ताभर पंचशील पुटपुटत! अक्का ही गोष्ट सांगून सांगून हसायच्या. आबाही हसायचे. फक्त एका भीतीबद्दल त्या घरात कोणी हसत नसे. ती दवाखान्याची. आबांचे थोरले भाऊ पायाचा अंगठा दाखवायला म्हणून दवाखान्यात गेले होते. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि मग भाऊच गेले. भावाला होता तोच साखरेचा आजार आबांनाही होता.

एका रविवारी अक्का नळावर पाणी भरायला गेल्या होत्या. आबांनी मध्येच वादन थांबवलं, दाराकडे पाहिलं आणि डावा हात माझ्यासमोर धरला. सतारीची तार दाबून दाबून डाव्या तर्जनीच्या टोकाला घट्टा पडतो, त्यात चीर असते. ती सगळ्यांनाच असते, मलाही पडू लागली होती. पण आबांच्या बोटाची चीर उकललेली होती आणि भोवतीची कातडी जांभळी पडली होती.

"महिना झाला," ते म्हणाले. "भरत नाही."

मी म्हटलं, "आबा, डॉक्टरला—"

"अक्काला सांगू नकोस," ते म्हणाले. "घाबरेल ती."

तेवढ्यात बाहेर कळशीचा आवाज झाला आणि आबांनी हात धोतराच्या सोग्यात लपवला. मी मान खाली घालून सारेगम वाजवू लागले. सगळे पडदे चुकत होते, आणि आबांनी एकही चूक काढली नाही.

आता खरं ते सांगते. मी अक्कांना सांगायला हवं होतं. माझ्याबरोबर खोलीत राहणारी सुशीला तर दवाखान्यात सिस्टर होती, तिला नुसतं विचारलं असतं तरी तिने मला हाताला धरून पळवत नेलं असतं. पण आबा चिडतील, शिकवणं बंद होईल, ते दोन खोल्यांचं घर मला परकं होईल, या भीतीने माझी दातखीळ बसली. आणि न सांगण्याला काहीतरी निमित्त हवं म्हणून मी पळवाट शोधली. आमच्या खोलीत सुशीलाने नाताळचं कॅलेंडर लावलं होतं. त्यावर एक पंखवाली परी उभी, आणि तिच्या खांद्याला टेकलेली तारांची मोठी चौकट. सुशीला म्हणाली, "हार्प आहे ती." बुधवारी ते पान गुंडाळून मी आबांकडे नेलं.

"आबा, बघा तरी. यात पडदे नाहीत. दाबायचं नाही, नुसतं छेडायचं. एका सुराला एक तार. बोटाला विश्रांती मिळेल."

आबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहून म्हणाले, "ही तर पिंजाऱ्याची धनुकली! फक्त श्रीमंताघरी नांदायला गेलेली." आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! जणू मी बोट बरं करूनच आले होते.

हार्प विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. धुळ्यात काय नि जळगावात काय, कोणी ती पाहिलेली नव्हती. तेव्हा ती करायची ठरलं. पण केवढी? चित्रात माप कुठलं! सगळा हिशोब परीवर आला. "परी म्हणजे केवढी असते?" आबांनी गंभीरपणे विचारलं. अक्का चहा घेऊन आल्या होत्या, त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "लहान पोर व्हई. उडस ना ती!" आबा म्हणाले, "पंख वाहायचे म्हणजे अंगाने भक्कम पाहिजे." शेवटी मला दाराच्या चौकटीला उभं करून माझ्या डोक्यावर खडूने रेघ ओढली आणि त्या मापाने सुताराला काम सांगितलं. सुतार बैलगाड्या करणारा. त्याला नाजूक काम म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्याने बाभळीच्या लाकडाची अशी चौकट करून आणली की ती दोन माणसांनी उचलून घरात घ्यावी लागली. परीने ती खांद्यावर घेतली असती तर बिचारी पंखांसकट जमिनीत गेली असती.

मग तारांचा शोध. कापूस पिंजायच्या धनुकलीला लावतात ती आतड्याची तात कापसाच्या मुलखात मिळायला काय कमी? आबा जुन्या धुळ्यात एका पिंजाऱ्याकडे गेले, मलाही घेऊन गेले. त्याने धनुकलीची तात छेडून दाखवली. सगळ्या दुकानात कापूस उडाला आणि घुंईऽऽ असा आवाज माझ्या पोटात जाऊन बसला. आबांनी कान लावून ऐकलं आणि नको म्हणून मान हलवली. पिंजारी म्हणाला, "बरोबर आहे आबा. ही कापसाशीच बोलते, माणसाशी नाही." मग सतारीच्याच पोलादी तारा लावायचं ठरलं.

या सगळ्यात दिवस जात होते. मी दर वेळी आडून विचारायची, "बोट?" आणि आबांचं उत्तर ठरलेलं. चौकट झाली की दाखवू. खुंट्या बसल्या की दाखवू. तारा चढल्या की त्याच दिवशी जाऊ, शपथ. बोटाला आता चिंधी होती. अक्कांना त्यांनी सांगितलं होतं की सुताराकडे लाकडाचं कुसळ घुसलं. एकदा मी जवळ बसले असताना चिंधीचा वास आला, आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही. सुशीलाने विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." ती माझ्या कपाळाला बाम चोळत होती आणि मी डोळे मिटून पडले होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी म्हटलं, "बास, झोप येतेय."

तारा चढवायला रविवार उजाडला. अठरा तारा. मला आणि अक्कांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मांजर आत कोंडली. पाच तारांपर्यंत ठीक होतं. मग चौकट कुरकुरायला लागली. सतारीचं तसं नसतं, तिला सवय असते. इथे प्रत्येक नवी तार त्या एकाच आडव्या लाकडाला खाली ओढत होती, आणि दर खुंटीला लाकडातून असा आवाज यायचा की मी भिंतीला आणखी चिकटायचे. अकराव्या तारेला अक्का म्हणाल्या, "मी काही थांबस नही आठे," आणि मांजरीला सोबत करायला स्वयंपाकघरात निघून गेल्या. बारावी चढली. तेरावी चढली. आबा एकेक तार बोटाने छेडून सूर पाहत होते.

थेंब पडल्यासारखा टपटप आवाज आला म्हणून मी वळले. आबांची बंदी मोडून वळले. डाव्या हाताची चिंधी केव्हाच गळून पडली होती. तार त्या तर्जनीत रुतली होती, बोटावरून, मनगटावरून रक्त खाली फरशीवर पडत होतं, आणि आबा डोळे मिटून, मान मागे ओढून शांतपणे सूर ऐकत होते.

"आबा! रक्त!"

"कुठे?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

साखरेने बोट बधिर झालं होतं, त्यांना काहीच कळत नव्हतं. ते "कुठे?" मी आजही विसरलेले नाही. मी स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि अक्कांच्या गळ्यात पडून सगळं सांगून टाकलं. किती दिवस झाले, कोणी काय लपवलं, सगळं. अक्का रडल्या नाहीत. हातातली परात खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "इतला दिन काबर सांगं नही, माय?" मी रिक्षा बघायला धावले.

रिक्षात आबा आमच्या दोघींच्या मध्ये बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला मुलगी समजून म्हणाले, "तीन आठवडे आधी आणायला हवं होतं. बोट राहिलं असतं." तीन आठवड्यांपूर्वी आम्ही परीची उंची ठरवत होतो. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची तर्जनी मुळापासून काढली.

हात वाचला, आबा वाचले. आणि मी तिकडे फिरकले नाही. महिनाभर! कोणत्या तोंडाने जाऊ? बोट माझ्यामुळे गेलं, की निदान हात तरी माझ्यामुळे राहिला, हेही ठरत नव्हतं. सतार शिकवणाऱ्या माणसाची तर्जनी गेली, आणि मी कॅलेंडर दाखवत बसले होते. शेवटी सुशीलाने मला ढकलत ढकलत देवपूरच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं.

आबा दारातच बसले होते. हाताला पांढरं बँडेज. मला बघून म्हणाले, "ये. मला वाटलं बदली झाली तुझी." मी पायरीवर बसले आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, "आबा, चुकलं माझं. तुम्ही सांगू नको म्हणालात म्हणून मी..."

"अगं पण मी अक्काला सांगू नको म्हणालो," ते हळूच बोलले. "तुझ्या खोलीत सिस्टर राहते, हे मला ठाऊक नव्हतं का?"

मी डोळे पुसले.

"मला स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जायचं धैर्य नव्हतं, पोरी. भाऊ आठवायचा. म्हटलं, हिला दाखवावं. ही घाबरेल आणि जाऊन सांगेल कोणाला तरी. मग लोक ओढून नेतील मला. दर रविवारी, दर बुधवारी वाट पाहायचो. आज सांगून आली असेल, आज कोणी घ्यायला येईल." त्यांनी बँडेजचा हात मांडीवर ठेवला. "तू चित्र घेऊन आलीस. मग मीही चित्रच बघत बसलो."

आबा त्यानंतर सहा वर्षं होते. त्यांनी मला पुढेही शिकवलं, तोंडी, स्वतः गाऊन. रागावले कधीच नाहीत, आणि तेच मला जड जायचं. आजही मी भित्रीच आहे. पण कोणी आजूबाजूला पाहून, आवाज उतरवून मला काही दाखवलं आणि म्हणालं, कोणाला सांगू नकोस हं, की मी पायात चपला घालते आणि सांगायला निघते.