हलका हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट माहीत नाही.

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझा हात हलका म्हणून प्रसिद्ध आहे. कुणाच्या पाठीत उसण भरली, मान अवघडली की मला हाक मारतात. ही कीर्ती माझ्या सासूबाईंनी पसरवली. म्हणूनच ती मला झोंबते.

सासूबाईंना मी आई म्हणते. सुरमई कापताना विळी त्यांच्या उजव्या तळहातात खोल शिरली. शेवटच्या दोन बोटांच्या शिरा ऑपरेशन करून जोडाव्या लागल्या. टाके निघाले, पण मागे जाड, टणक वण राहिला. डोंबिवलीच्या फिजिओताईंनी मला शिकवलं — खोबरेल लावून अंगठ्याने वणावर आडवं चोळायचं, कातडी पांढरी पडेपर्यंत दाबायचं, त्यापुढे नाही. बोटं मागे ताणायची नाहीत, आतली शिवण अजून कच्ची आहे. आणि आईंनी ‘बस’ म्हटलं की हात काढायचा. लगेच.

पहिले काही दिवस तसंच केलं. मग — कसं सांगू? — मला ते आवडायला लागलं. हिच्या हाताला चव नाही, असं ही बाई नऊ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. आता तिचाच हात माझ्या मुठीत होता. मी जरा जास्त दाबायचे. त्या ओठ चावायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. आणि चोळताना दुखणारच ना — कोण मला बोल लावणार होतं?

त्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. माझ्या आमटीची वाटी त्यांच्यापुढे सरकवत आई म्हणाल्या, “घ्या. नळाला पाणी नाय, पण आमच्या आमटीला कमी नाय.” काकू खळखळून हसल्या. मीही हसले.

दुपारी तेल घेऊन बसले. अंगठ्याचं नख वणात रुतवलं. आई “बस” म्हणाल्या. मी ऐकलं — ऐकू आलं नाही असं मुळीच नाही. “बस गं.” मी ती दोन बोटं धरली आणि सगळा जोर लावून मागे उलटी वाकवली. त्या किंचाळल्या, दुसऱ्या हाताने माझा दंड ओरबाडला. मी सोडलं नाही. आत काहीतरी कट्कन तुटलं, ते माझ्या बोटांना कळलं. वण फाटला होता. तेलात रक्त मिसळून माझ्या मांडीवर गळत होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, असं कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, “माझीच चूक. पाणी आलेलं, मी हंडा उचलला.”

नवरा त्यांच्यावर खेकसला. आणि मी — हे ऐका — मीही ओरडले. सगळ्यांसमोर. “सांगितलेलं ना तुम्हाला, उचलू नका म्हणून? ऐकायचंच नाही कुणाचं!” आईंनी मान खाली घातली.

त्या का खोटं बोलल्या? मुलाचं घर मोडू नये म्हणून? की माझी भीती बसली होती? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर केलेलं कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती.

दुसरं ऑपरेशन झालं. ती दोन बोटं काही मिटली नाहीत. ज्या हाताने त्या तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, त्या हातातून आता घास गळतो. भाकऱ्या मीच थापते, आणि त्या निमूट खातात. येणाऱ्या-जाणाऱ्याला आता सांगतात, हिचा हात हलका आहे.

मी रोज दुपारी तेल घेऊन बसते. त्या हात पुढे करतात आणि डोळे मिटून घेतात. मी अगदी हळू चोळते, तरी कधीकधी अंगठा जोरात लागतोच. त्यांचं अंग आखडतं, त्या ओठ चावतात.

‘बस’ मात्र त्या दिवसापासून त्या कधीच म्हणालेल्या नाहीत.