घोंगडं आत, आई बाहेर

पहिली चूक माझीच. रावसाहेबांच्या माडीवर पांढरीशुभ्र बैठक घातलेली, आणि मी सवयीनं खांद्यावरचं घोंगडं तिच्यावर पसरून बसलो.

"मास्तर, मेंढरं खाली बांधलीत ना?" रावसाहेब म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची आजही किळस येते.

सोलापुरात मास्तर झालो तरी मी सांगोल्याकडचा धनगर. रावसाहेब मासिक काढायचे. माझी पहिलीच गोष्ट त्यात यायची होती.

गोष्ट आईची. आमच्या लोकरीचं घोंगडं घेऊन ती एका मोठ्या घरी गेली. लोकरीला विटाळ नाही, म्हणून घोंगडं थेट देवघरात. आई बाहेर, उन्हात. तिनं पाणी मागितलं. घरच्या बाईंनी लांबून, वरून ओंजळीत धार सोडली. आईनं ओंजळ उघडली, पाणी सांडलं, आणि घोंगडं परत मागितलं. मी तिचा पदर धरून उभा होतो.

रावसाहेबांनी वाचलं. टाक उचलला.

"यातला 'मी' काढा. उंबऱ्याबाहेरच्याचं ऐकायला कोण बसलंय? घरमालकाला सांगू दे. वाचक त्याच्याशेजारी बसतो."

आणि तिथंच सुरू झाले, "'त्या दुपारी मी माडीवर उभा होतो. खाली एक गरीब धनगरीण आली...' शेवटी ती हात जोडते. पाणी मिळालं म्हणून."

"वा!" बैठक म्हणाली.

त्या माडीवरून माझी आई शेळीएवढी दिसत होती. वर हात जोडलेले. मी कागद ओढून घेतले.

"ती हात जोडंल व्हय? म्या हुतो की तितं!"

ट्रेनिंग कॉलेजात घासून काढलेली बोली अशी भडाभडा बाहेर पडली. पुन्हा हशा.

"मग छापणार नाही."

"नगा छापू."

घोंगडं उचलून तिथंच झटकलं. धूळ बैठकीवर बसली. बसू दे.

घरी बायकोला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. मग गोष्ट वाचून दाखवली. 'बाई, मला आपले पाणी नको. माझे घोंगडे परत द्यावे,' हे आईचं वाक्य आलं आणि बायकोचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आत्याबाई असं बोलल्या?"

"न्हाई. 'पानी ऱ्हाऊ दे तुजं. घोंगडं आन भायेर,' म्हनली."

"मग तेच लिवा की. न्हाईतर तुमी बी त्या माडीवरच उबं."