बसलेला आवाज

मंडळी, आज सकाळी माझा आवाज पार बसला. तोंडातून नुसती हवा. घरात मी एकटीच होती, मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करून राहिली होती.

तेवढ्यात शेजारच्या काकू मुलेठीची काडी घेऊन दारात. "घे वं, चघळ. घसा मोकळा होईल."

मी खुणेनंच विचारलं, तुम्हाले कसं कळलं?

"अवं, तूच तं आत्ता गच्चीवरून आवाज दिला! 'काकू, मुलेठी आहे काय वं?' म्हणून."

मी नाही म्हणून मान हलवली. गच्चीला कुलूप आहे, चावी समोरच खिळ्यावर होती.

काकू हसल्या. आणि वरून, माझ्याच आवाजात, हाक आली, "काकू, सापडली काय वं?"

आता आम्ही दोघी काकूंच्या घरात कडी लावून बसलोय. घसा बराच मोकळा झालाय, पण बोलून पाहायची हिंमत होत नाही.

सांगा ना, आवाज बसतो म्हणजे नेमका कुठं जाऊन बसतो?