कोरडी राहिलेली खडी

माझी बायको लिओनोर न्यू मेक्सिकोत, मेसियाच्या खोऱ्यातल्या माती-कचेरीत कामाला होती. ओतलेलं पाणी जमिनीत किती खोल आणि किती वेळात उतरेल, याचा अंदाज बांधणं हेच तिचं काम. म्हणून मी परसात अक्रोडासारख्या पेकानच्या झाडांसाठी नवी माती टाकण्याआधी खाली खडी पसरली, तेव्हा ती काही बोलली नाही याचं मला आजही नवल वाटतं. पाणी झरझर निघून जाईल, असं दोघांनाही वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली. लिओनोरने मातीतून खालच्या खडीपर्यंत ओलावा मोजणारी सळई खुपसली, मला पाणी सोडायला लावलं आणि म्हणाली, "दुपारपर्यंत पोचेल खाली." संध्याकाळ झाली तरी सळई कोरडीच. तिने दुसरी आणली. तीही कोरडी.

"रामिरो, नळ नक्की सोडला होतास ना?"

"नाहीतर माझे बूट चिखलात उगाच रुतले का?"

मी खणलं. वरची माती लगद्यासारखी झाली होती आणि खालच्या खडीतून चक्क धूळ उडाली. लिओनोर खड्ड्याच्या काठावर बसली.

"बारीक माती पाणी घट्ट धरून ठेवते. खडीच्या मोठ्या फटींना ते ओढून घेता येत नाही. माती पुरती भरली, ठिबकायला लागली, की मगच खाली उतरतं. दुपारचा हिशेब हे सगळं धरूनच केला होता रे!"

"मग एवढं पाणी गेलं कुठे?"

"तेच तर कळत नाहीये."

सकाळी शेजारचे सिप्रियानोआजोबा कुंपणाशी आले. "काय गं पोरी, माझ्या कोंबड्यांना पोहायला शिकवणार आहेस का?"

खडीचा थर त्यांच्या बाजूला उतरता होता आणि पाणी त्याच्यावरूनच घसरत गेलं होतं. लिओनोरने उतार धरून पुन्हा आकडेमोड केली. त्याप्रमाणे पाणी कुंपणाच्या कोपऱ्यात निघायला हवं होतं, निघालं होतं खुराड्याच्या दारात. ती कितीतरी वेळ दोन्ही जागांकडे आळीपाळीने बघत होती.

हिवाळ्यात आम्ही खडी उपसून काढली, माती खालवर केली. वसंतात झाडं हिरवी झाली. एकच गेलं, तेही सगळ्यात उंचावरचं, जिथे पाणी कधी साचलंच नव्हतं.

"हेच का गेलं?" ती म्हणाली.

"घेवडा निवतोय, चल."

"तू जेव," म्हणत ती गुडघ्यांवर बसली आणि बुंध्यापाशी उकरायला लागली.